किल्लारी ते कच्छ : भूकंपसज्जतेच्या लोकशिक्षणाचा मागोवा

भारतीय मानक संस्थेच्या 1984च्या भूकंपप्रवण क्षेत्रांच्या नकाशात किल्लारी परिसर सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात मोडत होता. 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी, गणेशविसर्जन आटोपून गावे झोपी गेलेली असताना, लातूर व तत्कालीन उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांना 6.2 तीव्रतेचा धक्का बसला आणि सुमारे 8 ते 10 हजार माणसे प्राणास मुकली. याउलट कच्छ त्याच नकाशात सर्वाधिक धोक्याच्या पाचव्या क्षेत्रात होता. 1819 व 1956 सालच्या भूकंपांची स्मृतीही तेथे होती. तरीही 26 जानेवारी 2001 रोजी गुजरातेत 13 हजारांहून अधिक लोक दगावले. एका ठिकाणी नकाशा चुकला होता, दुसऱ्या ठिकाणी तो बरोबर होता. गवंड्याच्या ओळंब्यापर्यंत मात्र तो कोठेच पोचला नव्हता.

किल्लारीत माणसे मेली ती प्रामुख्याने घरांमुळे. मातीत रचलेल्या दगडी भिंती जाड खऱ्या, पण त्यांचे आतले व बाहेरचे पदर एकमेकांशी सांधलेले नसत. वर माळवद, गळती थांबविण्यासाठी दरवर्षी त्यावर मातीचा थर चढे आणि भार वाढत जाई. उन्हाळ्यात गारवा देणारे हेच छत त्या पहाटे कोसळले.

जागतिक बँकेच्या साहाय्याने राबविलेल्या पुनर्वसन कार्यक्रमात अतिहानी झालेल्या 52 गावांचे स्थलांतर झाले. त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यामानाने दुर्लक्षित राहिला तो घरांच्या दुरुस्ती व मजबुतीकरणाचा भाग, आणि या अभ्यासाच्या दृष्टीने तोच अधिक महत्त्वाचा. येथे घरमालकानेच काम करून घ्यावयाचे होते. लोकसहभागाची जबाबदारी प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेकडे आली आणि गावोगावच्या महिला मंडळांतून 'संवाद सहायक' नेमल्या गेल्या. अनुदानाचे नियम घरोघर समजावून सांगणे, माळवदावरील मातीचा भार कमी करणे, भिंतीचे दोन पदर सांधणारे आरपार दगड बसविणे, भिंतींवरून सलग पट्टा फिरविणे या गोष्टी त्या शिकल्या, इतरांना शिकविल्या आणि बांधकामावर नजरही ठेवू लागल्या. चार लोकांत न बोलणाऱ्या बायांनी गवंड्याला जाब विचारावा, ही त्या काळच्या मराठवाड्यात लहान गोष्ट नव्हती.

या प्रशिक्षणाचे यश मात्र मर्यादित होते, हेही नोंदविले पाहिजे. दगडाची धास्ती इतकी खोल होती की अनेकांनी अनुदानातून जुने घर मजबूत करण्याऐवजी शेजारी सिमेंटची नवी खोली उभारली. जुनी दगडी घरे तशीच राहिली. तंत्र समजले होते. विश्वास बसला नव्हता.

2001 नंतर या कामातील लातूरकडच्या स्त्रिया कच्छमध्ये गेल्या. भाषा वेगळी होती, परंतु ढिगाऱ्यातून घर उभे करण्याचा अनुभव त्यांच्यापाशी होता आणि तज्ज्ञाच्या व्याख्यानापेक्षा तो ऐकणाऱ्यांच्या अधिक जवळचा होता. गुजरात राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने मालकाच्या हाती पुनर्बांधणी सोपविली, गवंड्यांचे प्रशिक्षण हाती घेतले आणि 'कच्छ नवनिर्माण अभियान' या संस्थाजाळ्याने सेतू केंद्रे चालविली. बन्नी भागातील वर्तुळाकार भुंगे धक्क्यातही बव्हंशी टिकून राहिले होते, ही बाबही येथे ध्यानात आली. परंपरेत घातक माळवद होते तसा सुरक्षित भुंगाही होता. परंपरेविषयी सरसकट बोलणाऱ्यांनी याची दखल घ्यावयास हवी.

2002च्या सुधारित नकाशात पहिले क्षेत्रच रद्द झाले व किल्लारी तिसऱ्या क्षेत्रात गेली. 2005च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने लोकप्रशिक्षणास साहाय्य करण्याचे काम जिल्हा प्राधिकरणाकडे दिले. प्रशिक्षणाच्या बाबतीत स्थानिक प्राधिकरणावर जे बंधन घातले, ते आपले अधिकारी व कर्मचारी प्रशिक्षित असण्याचे. संवाद सहायक या दोहोंपैकी कोणीच नव्हत्या. 2016 साली सुरू झालेल्या 'आपदा मित्र' योजनेत स्वयंसेवकांना शासकीय प्रशिक्षण मिळाले. पण प्रारंभीचे 30 जिल्हे पूरप्रवण होते आणि भर शोध व बचावावर होता. भिंत पडण्यापूर्वी तिच्यात आरपार दगड आहे की नाही हे पाहणारी बाई त्या योजनेत नव्हती.