सफारीच्या वाटेवर कुणाचं घर होतं?



गेल्या महिन्यात एका बचत गटाच्या ताई आमच्या रेडिओ केंद्रावर आल्या. मोबाईलवर त्यांनी एक व्हिडिओ दाखवला. चहूबाजूंनी डोंगराची भिंत, मधे हिरवंगार मैदान, त्यात सिंह, हत्ती, झेब्रे. ताई म्हणाल्या, "इथं जायचं तर काय तयारी लागते हो? एकदा सांगा की कार्यक्रमात." आम्ही माहिती काढायला बसलो. तयारीची माहिती लगेच मिळाली, पण त्या जागेचा इतिहास वाचता वाचता आम्ही तिथंच अडकलो. म्हणून आज दोन्ही सांगतो.

जागेचं नाव न्गोरोंगोरो. आफ्रिकेतल्या टांझानिया देशाच्या उत्तरेला ती आहे. 'सफारी' हा शब्द तिथल्या स्वाहिली भाषेतला. तो अरबी 'सफर'वरून आला आणि आपली मराठी 'सफर'ही त्याच घरातली. म्हणजे शब्द तरी आपल्या ओळखीचा निघाला.

आपल्या बुलढाण्यातलं लोणारचं विवर आकाशातून उल्का आदळून झालं. न्गोरोंगोरोचं तसं नाही. तिथं मोठा ज्वालामुखी होता. वीस-पंचवीस लाख वर्षांपूर्वी त्याच्या पोटातला लाव्हा बाहेर पडला, पोट रिकामं झालं आणि माथा खाली बसला. टम्म फुगलेल्या भाकरीतली वाफ गेली की पापुद्रा बसतो ना, तसं. लोणार पावणेदोन-दोन किलोमीटर रुंद, तर हे सुमारे १९ किलोमीटर. भिंत ६०० मीटर उंच आणि तळ २६० चौरस किलोमीटरचा. बारमाही पाणी आणि गवत असल्यामुळं तळावर वीस-पंचवीस हजार मोठी जनावरं राहतात. काळे गेंडेही आहेत.

आता गवत आणि पाणी असेल तिथं गुरं राखणारे येणारच. आधी हाद्झा हे शिकारी लोक या भागात होते, मग दातोगा गुराखी आले आणि दोनेकशे वर्षांपूर्वी मासाई आले. गायीच्या गळ्यातल्या घंटेच्या आवाजावरून 'न्गोरोंगोरो' नाव पडलं असं सांगतात. मासाईंमध्ये घर बाई बांधते. काटक्या रोवून शेण-मातीनं ती लिंपते. एका पुरुषाच्या दोन-तीन बायका असल्या तरी प्रत्येकीचं घर वेगळं. दूध काढणं आणि वाटणंही तिच्याच हातात. गुरं पुरुषाची, पण चूल आणि छप्पर तिचं.

१८९० च्या आसपास या लोकांवर बुळकांडी कोसळली. जुन्या बाया आपल्याकडंही या रोगाचं नाव घाबरतच घ्यायच्या. इटलीच्या सैन्यासाठी आफ्रिकेत आणलेल्या गुरांबरोबर हा रोग आला आणि ती गुरं हिंदुस्थानातून गेली होती, असं बऱ्याच इतिहासकारांचं मत आहे. गुरं मेली, दूध आटलं, दुष्काळ पडला. १८९२ मध्ये ऑस्कर बाउमान हा युरोपीय प्रवासी तिथं पोचला. त्याला हाडांचे सापळे झालेल्या बाया आणि पोरं दिसली. तसं त्यानं लिहून ठेवलं आहे.

पुढं जर्मनांचं राज्य आलं. दोन जर्मन भावांनी विवराच्या तळावर शेतवाडी थाटली. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांचं राज्य आलं. त्यांनी आधी शिकारीवर बंधनं घातली, मग शेजारचं सेरेंगेटी आणि न्गोरोंगोरो मिळून राष्ट्रीय उद्यान केलं. उद्यानात माणसं नकोत, असं ठरलं. १९५८ मध्ये बारा मासाई वडीलधाऱ्यांनी सेरेंगेटी सोडण्याच्या कागदावर संमती दिली. बारापैकी एकही बाई नव्हती. ज्या घरांवर पाणी सोडायचं होतं ती बायांच्या हातची होती, पण त्यांना कुणी विचारलं नाही.

बदल्यात १९५९ मध्ये न्गोरोंगोरोचं वेगळं संरक्षित क्षेत्र झालं, सुमारे ८,३०० चौरस किलोमीटरचं. इथं माणसं, गुरं आणि जंगली जनावरं एकत्र राहतील, आणि कधी तंटा झालाच तर माणसांचं हित आधी पाहू, असा शब्द इंग्रज गव्हर्नरनं मासाईंना दिला. त्याच वर्षी याच क्षेत्रातल्या ओल्डुवाईच्या घळीत मेरी लीकी या बाईंना साडेसतरा लाख वर्षांपूर्वीच्या माणसासारख्या प्राण्याची कवटी सापडली. जगभर गाजावाजा झाला. माणसाचं मूळ जिथं शोधलं जात होतं, तिथंच जित्या माणसांनी कुठं राहावं हे दुसरे ठरवत होते.

तो शब्द पुढं पाळला गेला का? १९७४ मध्ये विवराच्या तळावर राहणाऱ्या मासाईंना वर काढलं. १९७५ मध्ये शेतीला बंदी आली. १९९२ मध्ये ती उठली आणि २००९ मध्ये पुन्हा आली. घरामागच्या मक्याच्या तुकड्यावर पोरांचं पोट भरणाऱ्या बाईला या तारखा तोंडपाठ असणार. मिठाच्या मातीसाठी आणि पाण्यासाठी गुरं तळावर नेता यायची, तेही नंतर बंद झालं.

सरकारचीही बाजू आहे. १९५९ मध्ये तिथं आठ-दहा हजार माणसं होती, आता लाखाच्या घरात आहेत. गवत तेवढंच आहे आणि पर्यटनावर देशाचं उत्पन्न आहे. २०२२ पासून सरकार लोकांना सुमारे ६०० किलोमीटरवरच्या म्सोमेरा गावी हलवत आहे आणि म्हणतं की लोक खुशीनं जातात. लोक म्हणतात, दवाखाना आणि शाळेचे पैसे आटवले की खुशी आपोआप येते. नव्या गावी कुटुंबाला एक पक्कं घर मिळतं, पण ते कुटुंबप्रमुखाला, म्हणजे पुरुषाला. मग ज्या दोघी-तिघींची आपापली घरं होती त्यांनी जायचं कुठं?

ऑगस्ट २०२४ मध्ये त्यांची गावं सरकारी नोंदीतून वगळण्याचा आदेश निघाला. हजारो मासाई बायका-पुरुष सफारीच्या रस्त्यावर उतरले आणि गाड्या अडवल्या. न्यायालयानं त्या आदेशाला स्थगिती दिली.

आता तयारीचं. जून ते ऑक्टोबर कोरडा हंगाम असतो, जनावरं नीट दिसतात. विवराचा काठ उंचावर आहे, पहाटे कडाक्याची थंडी असते, स्वेटर हवाच. चारही चाकांना जोर देणारी गाडी आणि वाटाड्या लागतो. सकाळी लवकर उतरायचं आणि संध्याकाळच्या आत वर यायचं. ठरवून दिलेल्या जागा सोडून गाडीतून उतरायचं नाही. मासाई बायांच्या हातचे मण्यांचे दागिने त्यांच्याकडूनच घ्यावेत आणि विचारल्याशिवाय त्यांचा फोटो काढू नये. आपल्या दारात येऊन कुणी न विचारता फोटो काढला तर आपल्याला चालेल का?

मैत्रिणींनो, आपल्यातल्या फार थोड्या जणी न्गोरोंगोरोला जातील. पण धरणासाठी उठलेली गावं आणि मेळघाटातून हललेली गावं आपल्याला ठाऊक आहेत. कागद आला की सही कुणाची घेतात, हेही ठाऊक आहे. म्हणून पुढच्या बैठकीत एक काम करा. आपापल्या घराचा नमुना आठ आणि शेताचा सातबारा काढून आणा, आणि त्यावर कुणाकुणाचं नाव आहे ते मोठ्यानं वाचा. काय निघालं ते आम्हाला कळवा. ते आपण याच कार्यक्रमात ऐकू.