भाग्यवंत मासळी

मासे धरणाऱ्या माणसाइतका दैवावर भरवसा ठेवणारा माणूस विरळा. शेतकरी आभाळाकडे पाहतो. पण त्याच्या पायाखाली निदान जमीन असते. गळ टाकून बसलेल्याच्या समोर असते ते नुसते पाणी, आणि त्याच्या पोटात काय चालले आहे हे त्याला दिसत नाही. जे दिसत नाही तेथे दैव येऊन बसते. गोव्यात व दक्षिण कोंकणात गळाला गरी म्हणतात आणि गरीने मासे धरण्याला गरवणे. खाडीच्या बांधावर संध्याकाळी गरवायला बसलेल्या चार जणांचे पाणी एक, वेळ एक, आमिष एक. आणि तरी मासा लागतो तो एकाच्याच गरीला. मग उरलेले तिघे म्हणतात, 'त्याच्या गरीला गुण आहे.' हा गुण म्हणजे काय, एवढाच आमचा आजचा प्रश्न आहे. 'गळाला लागला' असे आपण फसलेल्याविषयी बोलतो. गळाची चौकशी कोणी करीत नाही. ती आज करून पाहू.

इतरांच्या गळांना मागे टाकणाऱ्या गळाची कल्पना फार जुनी आहे. पॅसिफिक महासागरातील हवाई बेटांवर कूउला या मच्छीमारांच्या देवाची आणि त्याचा पुत्र आइआइ याची कथा सांगतात. पित्याने पुत्राला ज्या चार अद्भुत वस्तू दिल्या त्यांत मोत्याच्या शिंपल्याचा एक गळ होता. त्याचे नाव काहुओई. हा गळ पाण्यावर धरताच आकू मासे आपण होऊन होडीत उड्या घेत आणि होडी भरून जाई. (आकू हा आपल्या कुप्याचाच भाईबंद.) येथे गळाचा गुण ही देवाची देणगी आहे, ती वारशाने मिळते, कष्टाने नव्हे.

परंतु कथा बाजूला ठेवून त्या बेटांवरचे मच्छीमार प्रत्यक्षात काय करीत ते पाहिले म्हणजे चित्र पालटते. त्यांच्यापाशी शिंपल्याचा एकच गळ नसे; निरनिराळ्या छटांचे अनेक गळ असत. सकाळच्या कोवळ्या उन्हात कोणती छटा चालते, सूर्य माथ्यावर आला म्हणजे कोणती, ढगाळ दिवशी कोणती, हे त्यांना ठाऊक असे आणि त्याप्रमाणे ते गळ बदलीत. देवाने दिलेल्या गळाच्या कथेमागे पिढ्यान् पिढ्या पाण्यावरचा प्रकाश न्याहाळणारे डोळे उभे होते.

अमेरिकेत देवाची जागा अपघाताने घेतली. व्हरमाँट राज्यातील ज्यूलिओ ब्यूएल याच्या हातून तळ्यात चमचा पडला, तो चमकत खाली जात असता एका मोठ्या माशाने झडप घालून तो पळविला आणि ब्यूएलला चमच्याच्या आकाराचे आमिष सुचले, अशी आख्यायिका आहे. १८५२ साली त्याने अशा आमिषाचे पेटंट घेतले, हा मात्र इतिहास. मिशिगन राज्यातील डोवाजिॲक गावच्या जेम्स हेडनविषयीही असेच सांगतात. मित्राची वाट पाहत तळ्याकाठी बसला असता त्याने हातातला लाकडाचा तुकडा चाकूने तासला व सहज पाण्यात भिरकावला. एका माशाने उसळी घेऊन त्यावर हल्ला केला आणि त्यातून लाकडी आमिषांचा मोठा धंदा उभा राहिला. चमचा निसटला आणि भाग्य उघडले! ऐकायला गोड अशा या कथा आहेत. त्यांत एकच उणे राहते. चमचे तर कितीकांचे पाण्यात पडले असतील. त्या क्षणी पाहणारा एकच होता, ही गोष्ट सांगायची राहून जाते.

ज्या आमिषाची हकीकत आम्हांला मुख्यतः सांगायची आहे, ते फिनलंडचे. तेथे चमचा पडला नाही आणि देवही प्रकटला नाही. तेथे होता एक गरीब मच्छीमार, त्याची होडी आणि एक विस्तीर्ण सरोवर.

लाउरी रापाला याचा जन्म १९०५ साली सिस्मा या परगण्यात झाला. त्याचे मूळ आडनाव निराळे होते. तो लहान असताना त्याची आई त्याला घेऊन शेजारच्या आसिक्काला परगण्यात राहायला गेली. तेथे चर्चच्या वहीत नोंद करताना लिहिणाऱ्याला त्यांचे आडनाव आठवेना, म्हणून ज्या खेड्याहून ते आले त्याचेच नाव त्याने आडनाव म्हणून लिहून टाकले, असे सांगतात. ते खेडे रापाला. हा शब्द ऐकून आमच्या किनाऱ्यावरील वाचकांना रापणीची आठवण होईल. दोन्ही शब्दांचा अर्थाअर्थी काही संबंध नाही. परंतु मासे धरणाऱ्याच्या वाट्याला असे नाव यावे, ही गंमत खरी.

मोठेपणी लाउरीच्या मागे मोठा संसार होता आणि काळ मंदीचा होता. हिवाळ्यात जंगलातील लाकूडतोड आणि बर्फ वितळल्यावर पॅयान्ने सरोवरातील मासेमारी, यांवर त्याचे घर चाले. हे सरोवर उत्तर-दक्षिण सुमारे १२० किलोमीटर पसरले आहे. दिवसाकाठी तीस मैलांपर्यंत तो होडी वल्हवीत असे, अशी त्याच्याविषयी आठवण सांगतात. लांब दोरीला ओळीने गळ बांधायचे, प्रत्येक गळाला लहान मासा आमिष म्हणून लावायचा, आमिष गेले की पुन्हा लावायचे, हा त्याचा रोजचा उद्योग. त्यात वेळ जाई. आणि हातावर पोट असणाऱ्याला वेळ म्हणजे भाकरी. पुन्हा पुन्हा लावावे लागणार नाही असे आमिष मिळाले तर? ही त्याची गरज होती, हौस नव्हे.

वल्ही थांबवून तो होडीच्या कडेवरून पाण्यात पाहत बसे. लहान माशांचा थवा चालला आहे, मोठा मासा मागावर आहे, हे दृश्य त्याने असंख्य वेळा पाहिले आणि त्यातून एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. मोठा मासा थव्यातील कोणत्याही माशावर झडप घालीत नसे. शेकडो धडधाकट मासे समोरून सरळ जात असताना तो नेमका हेरी तो जखमी, दुबळा, किंचित एका अंगाला झुकून लडखडत पोहणारा मासा. शिकाऱ्याला भक्ष्य दिसते ते रंगावरून वा रूपावरून तितके नव्हे, जितके त्याच्या चालीतल्या उणेपणावरून. आजवर आमिषे करणाऱ्यांनी माशाचे रूप कोरले होते. लाउरीने माशाची जखम कोरायचे ठरविले.

१९३६ साली त्याने पहिली मासळी घडविली. साहित्य पाहावे तर हसू यावे. बुचाचा तुकडा, तो तासायला चांभाराची रापी आणि गुळगुळीत करायला काचकागद. अंगावरच्या खवल्यांची चमक आणायला चॉकलेटाच्या वडीवरचा चंदेरी कागद. पाण्यापासून रक्षण करायला लाखेसारखा लेप हवा, तो त्याने छायाचित्रांच्या जुन्या काचा नव्हे, फिल्मच्या निगेटिव्ह वितळवून केला. घरातल्या टाकाऊ वस्तूंतून पोर खेळणे करते, तशी ही मासळी होती.

परंतु तिचे मर्म या साहित्यात नव्हते. ते होते तिच्या चालीत. हलके अंग असल्यामुळे ती पाण्यावर तरंगे. तिच्या हनुवटीला एक लहानशी तिरपी पट्टी बसविलेली असे. दोरी ओढली की पाणी त्या पट्टीवर दाब देई, मासळी खाली बुडी घेई आणि डावीउजवीकडे डोलत, जखमी माशासारखी लडखडत पुढे जाई. ओढ थांबली की पुन्हा हळूच वर येई. हे डोलणे जमेपर्यंत लाउरी तिला तासत राहिला. पट्टी जरा जास्त कलली की ती भोवऱ्यासारखी फिरे. जरा कमी पडली की काठीसारखी सरळ जाई. मरू घातलेल्या जिवाचे पोहणे साधायचे, तर दोहोंच्या मधली वाट फार अरुंद असते.

मासे लागू लागले. आसपासच्या मच्छीमारांत बोलवा झाली की रापालाच्या मासळीत काही आहे. ते मासळी मागायला येऊ लागले, आणि तो व त्याच्या घरची माणसे मिळून मासळ्या घडवू लागली. बूच मिळेना तेव्हा झाडाच्या जाड सालीवर काम भागविले. पुढे बाल्सा या अतिशय हलक्या लाकडाची निवड झाली. आजही या जातीच्या ११ सेंटिमीटर लांब मासळीचे वजन अवघे ६ ग्रॅम भरते.

मध्यंतरी फिनलंडवर युद्धाचे दिवस आले. १९३९-४० आणि १९४१-४४ अशी दोन युद्धे सोव्हिएत रशियाशी झाली. प्रदेश गेला आणि जबर खंडणी माथी बसली. ती खंडणी फिटली ते साल १९५२, आणि त्याच वर्षी हेलसिंकीला ऑलिंपिक सामने भरले. मराठी वाचकाला हे वर्ष वेगळ्या कारणाने पाठ असते. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी याच हेलसिंकीत कुस्तीचे कांस्यपदक जिंकले. त्या सामन्यांना जगभरातून जे पाहुणे आले, त्यांतील काहींच्या सामानातून रापालाच्या मासळ्याही देशाबाहेर गेल्या, असे सांगतात.

उत्तर अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात फिनिश लोकांची जुनी वस्ती आहे आणि तेथे सरोवरांना तोटा नाही. १९५९ च्या सुमारास मिनियापोलिसचे रॉन वेबर यांना या मासळीची करामत समजली. मासेमारीच्या साहित्याचा व्यवसाय करणारे ते गृहस्थ. त्यांनी व त्यांचे सहकारी रे ऑस्ट्रम यांनी फिनलंडशी पत्रव्यवहार करून मासळ्या मागविण्यास प्रारंभ केला. खप बरा होता. पण तो जाणत्यांपुरता.

आणि येथे मात्र, इतकी वर्षे बाजूला उभे असलेले दैव पुढे आले. अमेरिकेतील 'लाइफ' या सचित्र साप्ताहिकाने या मासळीवर एक लेख छापला. तो १७ ऑगस्ट १९६२ च्या अंकात आला. त्याच महिन्याच्या आरंभी चित्रपटतारका मॅरिलिन मन्रो हिचा अकाली मृत्यू झाला होता, आणि अंकाच्या मुखपृष्ठावर तीच होती. लोकांच्या त्या अंकावर उड्या पडल्या. तारकेच्या आठवणी वाचण्यासाठी अंक उघडणाऱ्यांना आत फिनलंडची मासळी भेटली. मागण्यांचा असा पूर लोटला की पुरवठा करता करता कारागिरांच्या नाकी नऊ आले. काही दुकानदारांनी तर मासळी विकण्याऐवजी अनामत ठेवून घेऊन ती भाड्याने देण्याचा उद्योग केला, अशी त्या काळची आठवण आहे.

तेव्हा वाचक आम्हांला विचारतील, की शेवटी हे दैवच नव्हे काय? एका दुर्दैवी स्त्रीचा मृत्यू आणि एका मासळीचे भाग्य यांची गाठ पडावी, यात लाउरीचे कर्तृत्व ते कोणते? आक्षेप खरा आहे आणि आम्ही तो टाळीत नाही. तो अंक निराळ्या आठवड्याचा असता, तर रापालाचे नाव एवढ्या लवकर एवढे दूर गेले नसते. परंतु मुखपृष्ठाने माणसांना भुलविता येते, माशांना नाही. ज्यांनी ती मासळी विकत घेतली त्यांनी ती पाण्यात टाकली, आणि पाण्याखाली वर्तमानपत्रे पोचत नाहीत. तेथे तिची परीक्षा पूर्वीसारखीच, एकेका ओढीला, पुन्हा पुन्हा झाली. दैवाने दार उघडले; पण आत जाऊन उभे राहण्याजोगे २६ वर्षांचे काम आधी तयार होते.

याची जाणीव त्या घराला होती, हे त्यांच्या पुढील वर्तनावरून दिसते. मागणी वाढली तशी यंत्रे आली, कारखाना झाला, मुलगे धंद्यात उभे राहिले. परंतु तयार झालेली प्रत्येक मासळी पाण्याच्या टाकीत ओढून, ती नीट डोलते की नाही हे पाहून, गरज पडल्यास हाताने सुधारून मगच बाहेर जाऊ द्यायची, हा परिपाठ त्यांनी सोडला नाही. लोक जिला नशीबवान म्हणून घेत होते, तिचे नशीब ते एकेक करून तपासून देत होते! १९७४ साली लाउरी रापाला निवर्तला. त्याच्या आडनावाने आज जगातील नाना देशांत आमिषे विकली जातात, आणि त्या नावाचे मूळ आठवण चुकलेल्या एका लेखणीत आहे.

या हकीकतीचे तात्पर्य आम्हांला असे वाटते, की वस्तूचा गुण हा पुष्कळदा कोणाच्या तरी पाहण्याचा साठा असतो. पाहणारा विस्मरणात गेला की मागे उरलेल्या गुणाला आपण दैव म्हणू लागतो. हवाईच्या शिंपल्याच्या गळाचे तेच झाले. लाउरीच्या मासळीचे झाले नाही, याचे कारण तो होडीत बसून काय पाहत होता हे कोणी तरी विचारले आणि लिहून ठेवले.

आमच्या किनाऱ्यावर मांडवी-जुवारीच्या मुखापासून मालवणच्या खडकांपर्यंत गरवणारे हात आजही आहेत. चोणक कोणत्या भरतीला खाडीत शिरतो, तांबोशी कोणत्या खडकाआड थांबते, जिवंत कोळंबी गरीला कशी टोचली म्हणजे ती मरत नाही, हे त्यांना ठाऊक असते. विचारले तर हसून म्हणतील, 'नशीब!' हे उत्तर विनयाचे आहे. ते खरे मानून उठून येऊ नये. जवळ बसावे, पाण्याकडे पाहावे आणि पुन्हा विचारावे.