ग्लॉस्टरची गाय आणि तिचे चीज

आपल्यापैकी ज्यांचा जन्म १९७५ पूर्वीचा आहे, त्यांच्या दंडावर देवीच्या लशीचा वाटोळा व्रण बहुधा अजूनही असेल. इंग्लंडमधील ग्लॉस्टरशायर परगण्याच्या एका गाईचे ऋण आपण त्या व्रणाच्या रूपाने वाहत आहोत, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये.

गाईचे नाव ब्लॉसम. तिची धार काढणाऱ्या सारा नेल्म्स या गवळणीच्या हातावर गोदेवीचे फोड उठले होते. १४ मे १७९६ रोजी बर्कली गावच्या डॉ. एडवर्ड जेन्नर यांनी त्यांतील लस जेम्स फिप्स या आठ वर्षांच्या मुलाला टोचली आणि देवीच्या रोगावर उपाय सापडला. पुढे सहाच वर्षांनी, १४ जून १८०२ रोजी, बगदाद-बसऱ्यामार्गे आलेली लस मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचण्यात आली. हिंदुस्थानातील यशस्वी लसीकरणाचा तो आरंभ होय. लॅटिन भाषेत गाईला 'वाक्का' म्हणतात. 'व्हॅक्सीन' हा शब्द त्यातूनच आला.

परंतु ब्लॉसमच्या जातीची कीर्ती तत्पूर्वी वेगळ्याच कारणाने झाली होती. सेव्हर्न नदीकाठच्या हिरव्या कुरणांत वाढणारी ही गाय गडद तपकिरी, जवळजवळ काळसर रंगाची. पाठीवरून शेपटीपर्यंत गेलेला पांढरा पट्टा ही तिची ओळख. दूध बेताचेच; पण त्यातील स्निग्धकण बारीक असल्यामुळे ते चीज करण्यास उत्तम. या चीजचे दोन प्रकार. 'सिंगल' हे काही साय काढून घेतलेल्या दुधाचे, हलके आणि बहुधा घरीच खपणारे. 'डबल' हे संपूर्ण सायीच्या दुधाचे. रेनेट घालून दूध साकळवायचे, निवळी काढून टाकायची, चोथा दाबात घट्ट बसवायचा आणि चाकाच्या आकाराचे ते चीज महिनेन् महिने मुरवत ठेवायचे. आपल्याकडे शेंद्री म्हणून ओळखल्या जाणाऱ्या झाडाच्या बियांनी त्याला केशरी झाक देत. त्याची पाठ इतकी टणक होई, की व्यापारी त्यावर उभे राहून पारख करीत. पायाखाली दबेल ते नापसंत. असे चीज दूरचा प्रवास सोसून लंडनच्या बाजारात जाई.

अठराव्या शतकात गुरांच्या साथीने हे गोधन खचले. त्यानंतर लाँगहॉर्न, शॉर्टहॉर्न आणि अखेरीस भरपूर दूध देणारी फ्रीजियन अशा परक्या गाई गोठ्यांत आल्या. १९१९ साली या जातीच्या रक्षणासाठी संस्था निघाली, तोवर कळप अगदी थोडे उरले होते. दुसऱ्या महायुद्धात सरकारने दूध एकाच सरकारी नमुन्याच्या चीजकडे वळविले. शिधावाटप १९५४ पर्यंत चालले आणि घरगुती चीज करणारे हात या कलेला पारखे झाले.

१९७२ साली विक कोर्ट येथील डाउडसवेल भगिनींनी आपला कळप विक्रीस काढला. हा या जातीचा अखेरचा मोठा कळप होता. या दोघी बहिणींनी बाजाराची हवा न पाहता जुन्याच गाई सांभाळल्या होत्या. ज्यांनी त्या लिलावात गाई घेतल्या, त्यांनी पुढच्याच वर्षी संस्था पुन्हा उभी केली. चार्ल्स मार्टेल नावाच्या शेतकऱ्याने तर गाय वाचवायची म्हणून चीज करावयास घेतले आणि लुप्तप्राय झालेले 'सिंगल' पुन्हा घडविले. ग्लॉस्टरशायरमध्ये, ग्लॉस्टर गाई पाळणाऱ्या शेतावरच ते केले जावे, असे बंधन १९९० नंतरच्या दशकात कायद्याने आले. गाईने ज्या चीजला जन्म दिला, त्याच चीजने अखेर गाईला आधार दिला!

इगतपुरी-अकोल्याच्या मुसळधार पावसात राबणारी आपली डांगी, मराठवाड्यातील देवणी आणि लाल कंधारी यांचेही भवितव्य याच नियमाने ठरेल. केवळ अभिमानाने कोणतीही जात टिकत नाही. तिचे दूध कोणाच्या तरी रोजच्या ताटात यावे लागते. घरापासून दूर राहून पन्नास वर्षे आपली भाषा रोजच्या बोलण्यात राखणाऱ्या मंडळींना हे निराळे सांगायला नकोच.