दुष्काळाच्या सालांतील आशा व प्रीती



ज्युबिलीच्या मंगल प्रसंगी मंदिराच्या पायाभरणीची व समारंभांची आठवण निघते, ती निघावीच. परंतु येथील ख्रिस्ती जीवनाचा विचार करिताना आम्हांस त्याहून जुनी सव्वाशे वर्षांमागची साले आठवतात. त्या वेळी गोंदिया भंडारा जिल्ह्यात मोडत असे. आपला जिल्हा निराळा झाला तो १ मे १९९९ रोजी.

धान पिकविणाऱ्या मुलखाचे दैव हस्ताच्या पावसावर अवलंबून असते, हे आपणांपैकी शेतकऱ्यांस आम्ही काय सांगावे! १८९६ साली पाऊस वेळेपूर्वीच परतला. पोटरीस आलेला धान बांधीतच वाळला. आपल्या पूर्वजांनी मोठ्या शहाणपणाने बांधिलेले तलाव व बोड्या होत्या, म्हणून काही शेते वाचली. परंतु सगळा जिल्हा त्यांवर कसा तरावा? ती जखम भरते न भरते तोच १८९९ साली पावसाने पुन्हा दगा दिला. १८९१ च्या खानेसुमारीत भंडारा जिल्ह्याची वस्ती सुमारे ७ लाख ४३ हजार होती. १९०१ साली ती सुमारे ६ लाख ६३ हजार भरली. कित्येक मेले व कित्येक परागंदा झाले. एरव्ही वाढावयाची ती वस्ती ऐंशी हजारांनी घटली, एवढ्यावरून काय ते समजावे.

आपला नागपूर धर्मप्रांत तेव्हा अगदी बाल्यावस्थेत होता. त्याची स्थापना १८८७ ची. फ्रान्समधील आनसी येथे स्थापन झालेल्या संत फ्रान्सिस द सेल्सच्या संघाचे मिशनरी तो चालवीत असत, व बिशप पेल्वा १८९३ पासून १९०० पर्यंत, म्हणजे नेमके ह्याच काळात, त्याच्या गादीवर होते. मध्यप्रांतातील कॅथलिक व प्रॉटेस्टंट अशा दोन्ही मिशनांनी त्या दिवसांत अनाथ मुले पदरी घेतली. पंडिता रमाबाई कॅथलिक नव्हत्या. तथापि त्यांचे नाव येथे न घेणे कृतघ्नपणाचे होईल. ज्या बाईने स्वतःचे आईबाप दुष्काळात गमाविले होते, ती पुण्याकडून मध्यप्रांतात आली व निराधार मुलींस आपल्यासंगे घेऊन गेली. त्याच सुमारास लोकवर्गणीतून उभारलेल्या दुष्काळ-निवारण फंडातून शेतकऱ्यांस बैल व बियाणे ह्यांसाठी मदत मिळाली. आम्हांस ही गोष्ट विशेष मोलाची वाटते. घासभर अन्नाने माणूस आज जगतो; बियाणे मिळाले म्हणजे पुढच्या मृगाकडे पाहण्याचे त्यास बळ येते. संत पौलाने करिंथकरांस लिहिताना आशा व प्रीती ह्यांस एकत्र का बसविले, हे आम्हांस ह्या बियाण्यावरून अधिक चांगले उमगते.

आता एका अप्रिय गोष्टीविषयी. मिशनरी लोकांनी अन्न देऊन धर्म दिला, हा आक्षेप त्या सालांपासून आजतागायत ऐकू येतो, व तो हसण्यावारी नेणे आम्हांस योग्य वाटत नाही. उपाशी लेकरू दारी आले तर त्याचा हेतू विचारीत बसणे हे पाप. त्याच्या भुकेचा सौदा करणे हे त्याहून मोठे पाप. पवित्र सभेनेही हे स्पष्ट केले आहे. ७ डिसेंबर १९६५ च्या धर्मस्वातंत्र्यविषयक घोषणेत गरीब व अशिक्षित जनांस अयोग्य रीतीने वळविण्याचा निषेध आहे, आणि २००५ साली पोप सोळावे बेनेडिक्ट ह्यांनी आपल्या पहिल्याच विश्वपत्रात, प्रीती ही दुसरा हेतू साधण्याचे साधन नव्हे, असे शिकविले. ही कसोटी पूर्वजांस लावावी. परंतु आधी स्वतःस लावावी.

तशी वेळ आपणांवरही आली. २०२० साली २५ मार्च रोजी, म्हणजे देवदूताने मरियेस दिलेल्या संदेशाच्या सणादिवशीच, सारा देश बंद झाला. मंदिरांची दारे लागली. थोड्याच दिवसांत नागपूर-रायपूर महामार्गाने, देवरीवरून, छत्तीसगडाकडे जाणारे मजूर पायी चालू लागले. डोक्यावर गाठोडे, कडेवर मूल, आणि वर वैशाखाचे ऊन. ज्यांच्या घरी पुढच्या महिन्याच्या तांदळाची खात्री नव्हती, अशांनीही त्या रस्त्यांवर पाणी व भात पुढे केला. घेणारा कोणत्या गावचा, कोणत्या देवाचा, हे विचारण्यास कोणास उसंत नव्हती. खाऊन तो उठे, आणि सीमेकडे चालू लागे.