मु. पो. ऐंशी रकाने

भालकीच्या किंवा कलबुर्गीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात ‘ॲन्सिस’ या ताण-विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरवर गोल भोकाच्या पट्टीचा प्रयोग करणारा विद्यार्थी सहसा आज्ञा टाइप करत नाही, मेनू दाबत जातो. पण सॉफ्टवेअर मागे बसून दफ्तर लिहीतच असतं. लॉग फाइल उघडली की पोलादाची ताठरता अशी नोंदलेली दिसते: एमपीडेटा,ईएक्स,१,,२ई११. एक नंबरचं मटेरियल, क्ष दिशेतला यंग गुणांक, दोनावर अकरा शून्यं. एकक पास्कल, ते विद्यार्थ्याच्या डोक्यात, फाइलीत नाही. पण शब्द इतके तुटके का, आणि दोन स्वल्पविराम लागोपाठ कशाला?

माग पंचकार्डापाशी जातो. आयबीएमच्या १९२८च्या कार्डावर ८० रकाने होते, एका रकान्यात एक अक्षर. १९५७च्या फोरट्रान या संगणकभाषेने विधानाला त्यातले ७ ते ७२ एवढेच दिले आणि चलाच्या नावाला जेमतेम सहा अक्षरं. १९६०च्या दशकात नासासाठी घडलेल्या नॅस्ट्रान या तशाच सॉफ्टवेअरने कार्डाची आठ-आठ रकान्यांची दहा घरं पाडली. बिंदूला ‘ग्रिड’, आधाराला ‘एसपीसी’. कुठला आकडा कशाचा, हे घरावरून ठरायचं. म्हणून कोरं घरही मोजावंच लागे.

जॉन स्वॉन्सन यांनी १९७०मध्ये काढलेल्या ज्या कंपनीतून ॲन्सिस आलं, तीही याच कार्डांच्या काळातली. ॲन्सिसच्या ओळीत घरांच्या भिंती स्वल्पविरामांच्या. ते दोन लागोपाठचे म्हणजे मधलं कोरं घर. आज्ञेची पहिली चार अक्षरं पुरतात: ‘फिनिश’चं ‘फिनि’. बिंदू जखडायला नुसता ‘डी’, बल लावायला ‘एफ’.

सीमाभागातल्या मराठी घराला ही काटकसर नवी नाही. पोस्टकार्डावर ‘मु. पो.’, ‘ता. भालकी, जि. बीदर’, आत ‘सा. न. वि. वि.’. जागा थोडी, वाचणारा जाणता. पोस्टमन अक्षरावरून आणि ओळीच्या जागेवरून ओळखायचा.

कार्डांचे गठ्ठे केव्हाच गेले. आता आज्ञा हवी तेवढी लांब लिहिता येईल, पण जुन्या फाइली चालत्या ठेवायच्या तर जुनी अक्षरं मोडून चालत नाही. म्हणून नॅस्ट्रानवर काम करणारा आजही पडद्यावरच्या ओळीला ‘कार्ड’च म्हणतो. साष्टांग घालणारं कोणी उरलं नाही, तरी पत्रातला ‘सा.’ टिकला, तसंच.