अम्मीचा सिनेमा आणि मामूंची ट्रायल

मामूंचं कुर्ल्याला गॅरेज होतं. दुरुस्त झालेली गाडी गिऱ्हाइकाला देण्याआधी तिची 'ट्रायल' घ्यावी लागते, या सबबीवर ते आम्हाला वांद्र्याच्या ड्राइव्ह-इनला न्यायचे. आमच्या खानदानात स्वतःची गाडी कुणाकडेच नव्हती. एका फियाटमध्ये आम्ही आठ जण, एकमेकांच्या मांडीवर. मगरीबनंतर अंधार पडला की पडदा उजळायचा. खांबावरचा जड स्पीकर खिडकीच्या काचेला अडकवायचा, डास मारायचे (आजूबाजूला तेव्हा खाजणच होतं) आणि डब्यातला खिमा-पाव खायचा.

अम्मी एरवी टॉकीजला जात नसे. अब्बांची मनाई नव्हती. तिलाच नको वाटायचं. अंधारात शेजारच्या खुर्चीवर कोण येऊन बसेल याचा भरवसा नाही, मध्यंतरात दिवे लागले की नजरा, आणि धाकटा रडायला लागला की अर्धा सिनेमा दाराबाहेर. गाडीत मात्र ती नकाब वर करून निवांत बसायची, मोठ्यांदा हसायची. तिचं तसं हसणं घराबाहेर मी तिथेच ऐकलं.

पुढे या प्रकाराचा उगम वाचला तेव्हा मजा वाटली. अमेरिकेतल्या न्यू जर्सीचे रिचर्ड हॉलिंग्सहेड. त्यांची आई अंगाने स्थूल होती, टॉकीजच्या खुर्चीत तिला अवघडायचं, त्यातून ही युक्ती निघाली असं सांगतात. त्यांनी घराच्या अंगणात झाडांना पडदा ठोकला, गाडीच्या बॉनेटवर प्रोजेक्टर ठेवला, पडद्यामागे रेडिओ लावला. पाऊस आला तर कसं दिसेल हे बघायला बागेत पाणी शिंपडायचं यंत्र गाडीवर सोडलं. पुढच्या गाडीमुळे मागच्याला दिसेना, म्हणून गाड्यांची पुढची चाकं उंचावर राहतील असे चढ आखले. खरी अक्कल ती! 1933च्या मे महिन्यात पेटंट मिळालं आणि 6 जूनला कॅमडेनजवळ पहिलं ड्राइव्ह-इन सुरू झालं. तिकीट गाडीला 25 सेंट आणि माणशी 25 सेंट. मुलांनी कितीही गोंगाट केला तरी सगळ्या कुटुंबाचं स्वागत, अशी त्याची जाहिरात होती. आमच्या अम्मीला हेच तर हवं होतं.

पण गाडीच्या काचेआड माणूस कोण आहे हे कुणी बघत नाही, असं समजू नका. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत काही ड्राइव्ह-इनमध्ये काळ्या प्रेक्षकांना आत घेतच नसत. काही ठिकाणी त्यांना वेगळं फाटक आणि वेगळी जागा. स्वतःची गाडी, स्वतःचं कुटुंब, तरी ती कुठे उभी करायची हे दुसऱ्याने ठरवायचं.

1958च्या सुमारास अमेरिकेत चार हजारांवर ड्राइव्ह-इन होती. मग जमिनीचे भाव वाढले, उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करण्याचा कायदा झाल्याने खेळ उशिरा सुरू व्हायला लागले, आणि घरोघरी व्हिडिओ आला. वांद्र्यातही तेच झालं. ज्या खाजणाकडे कुणी बघत नव्हतं, तिथे वांद्रे-कुर्ला संकुल उभं राहिलं. इतक्या महाग जमिनीवर रात्री फक्त गाड्या उभ्या करणं कुणाला परवडणार?

2021च्या नोव्हेंबरमध्ये त्याच परिसरात नवं ड्राइव्ह-इन सुरू झालं. मॉलच्या गच्चीवर, जवळपास 290 गाड्यांची सोय. मामू आता नाहीत. अम्मीला माझ्या गाडीतून घेऊन गेलो. हल्ली आवाज गाडीच्या रेडिओतूनच येतो. सिनेमा सुरू झाला तरी ती सारखी खिडकीकडे बघत होती. शेवटी म्हणाली, "काच थोडी खाली कर रे, स्पीकर लावायचा राहिला."