परसातला धागा आणि बाईची मजुरी

गेल्या काही कार्यक्रमांत आपण परसबागेबद्दल बोललो. वाफे कसे करायचे, मोरीचं पाणी कुठे वळवायचं, कोणती भाजी कोणत्या महिन्यात लावायची, हे सगळं झालं. आज त्याच परसातल्या एका पिकाबद्दल बोलायचं आहे, जे आपण खात नाही आणि म्हणून मोजतही नाही. ते पीक म्हणजे धागा.

आपल्या आजीच्या परसात धागा होताच. तुळशीपाशी देवकापसाचं झाड असायचं. त्याची बोंडं फुटली की बाया हातानेच सरकी काढायच्या आणि वाती वळायच्या, देवाची वस्त्रं करायच्या. कुंपणाला एरंड असायचा. शेताच्या कडेला अंबाडी असायची. तिचा कोवळा पाला भाजीत जायचा आणि वाढलेले दांडे पाण्यात भिजत घातले जायचे. साल सुटली की तिचा वाख निघायचा. त्याचे दोर, दावी, कासरे व्हायचे. पोळ्याला बैलाच्या गळ्यात नवं दावं पडायचं ते या वाखाचंच. भाजी आणि दोर दोन्ही एकाच रोपातून मिळायचं. आज तो दोर आपण दुकानातून प्लॅस्टिकचा आणतो.

आता जरा मागे जाऊ या. नेवासे हे प्रवरेकाठचं गाव आपल्याला ज्ञानेश्वरीमुळे माहीत आहे. पण तिथे १९५४ ते १९५६ या काळात डॉ. ह. धी. सांकलिया यांच्या देखरेखीखाली डेक्कन कॉलेजने उत्खनन केलं. त्यात तीन हजार वर्षांहून जुनी वस्ती सापडली. एका लहान मुलाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ होती. मण्यांच्या भोकात धाग्याचा अंश टिकून राहिला होता. तपासणीत तो रेशीम आणि कापूस यांचा निघाला. पुणे जिल्ह्यातल्या चांडोली इथे अशाच मण्यांत जवसाचा धागा मिळाला. जवसाची चटणी आपण रोज खातो, पण त्याच्या खोडापासून तागासारखा धागा निघतो हे आपल्यातल्या कितीजणींना माहीत आहे?

याहून जुना पुरावा सिंधू संस्कृतीतला आहे. हडप्पा आणि चन्हुदडो इथल्या दागिन्यांत रेशमाचे तंतू सापडल्याचं २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. ते साडेचार-चार हजार वर्षांपूर्वीचे आहेत आणि रानरेशमाचे आहेत. म्हणजे रेशीम ही फक्त चीनहून आलेली चीज नाही. तुतीच्या पाल्यावर घरात किडा पाळायची कला चीनची खरी, पण रानातल्या झाडावरचा कोष आपल्याकडे फार आधीपासून ओळखीचा होता.

तो रानकोष आपल्या पूर्व विदर्भात आजही आहे. भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर या भागात येन आणि अर्जुनाच्या झाडांवर तसरचा किडा वाढतो. आपल्याकडे त्याला कोसा म्हणतात. ढिवर समाज परंपरेने हे काम करतो. तुतीचा किडा घरात पाळतात. तसरचा किडा मात्र उघड्या झाडावर राहतो, त्यामुळे महिनाभर पाखरं, मुंग्या, गांधीलमाश्या यांच्यापासून त्याची राखण करावी लागते. कोष फांदीला देठाने लटकतो, एखाद्या फळासारखा. या धाग्यापासून आपली करवती साडी होते. तिच्या काठावरची नक्षी करवतीच्या दातांसारखी, म्हणून ती करवती. अंग तसरचं आणि काठ सुताचा. दोन काठांचे दोन आणि अंगाचा एक असे तीन धोटे चालवून ती विणतात. मोहाडी, आंधळगाव या गावांतल्या कोष्टी विणकरांनी ही कला राखली. तिला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे.

साडीचं नाव झालं, विणकराचं नाव झालं. आता कोष आणि माग यांच्या मधलं काम बघा. कोष उकळणं, त्यातून तार काढणं, कांड्या भरणं. हे काम घराघरांत बायाच करत आल्या. तसरची तार काढायची जुनी रीत म्हणजे उघड्या मांडीवर हाताने पीळ देत राहणं. तासन् तास असं केलं की मांडीची कातडी सोलवटते. हे बंद व्हावं म्हणून केंद्रीय रेशीम मंडळाने 'बुनियाद' नावाचं यंत्र आणलं. म्हणजे आपल्याच पिढीत येऊन या दुखण्याची सरकारदरबारी नोंद झाली. झारखंडच्या काही भागांत तर विटाळाच्या समजुतीने बायांना किड्यांच्या झाडांजवळ जाऊ देत नसत. पण तोच कोष घरी आला की तार काढायला बाईच हवी असे.

बाईच्या या कामाची जुनी आणि सविस्तर नोंद कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'त आहे. त्यात सूत्राध्यक्ष नावाच्या अधिकाऱ्यावर एक प्रकरणच आहे. लोकर, कापूस, ताग, जवस यांचं सूत कातायचं काम विधवा, अपंग बाया, मुली, म्हाताऱ्या दासी यांना द्यावं, असं त्यात सांगितलं आहे. मजुरी सुताच्या बारीकपणावर आणि वजनावर ठरवावी. ज्या बाया घराबाहेर पडत नाहीत त्यांच्याकडे दासीच्या हाती मानाने काम पाठवावं. ज्या स्वतः पहाटे सूतशाळेत येतील त्यांच्याशी फक्त मालाची आणि पैशाची देवघेव करावी आणि दिवा फक्त सूत तपासण्यापुरता असावा. अधिकाऱ्याने बाईच्या तोंडाकडे पाहिलं किंवा इतर गोष्टी काढल्या तर त्याला दंड. मजुरी द्यायला उशीर केला तरी दंड. पण त्याच प्रकरणात, मजुरी घेऊन काम न करणाऱ्या बाईच्या अंगठ्याला शिक्षा सांगितली आहे. अधिकारी चुकला तर पैसे भरून सुटणार. बाई चुकली तर ज्या अंगठ्याने ती कातते त्यालाच शिक्षा. दोन हजार वर्षांपूर्वीचा नियम आहे, तरी त्यातला तराजू ओळखीचा वाटतो की नाही?

पुढचा टप्पा आपल्या जवळचा. गांधीजी चरखा शोधत होते तेव्हा तो त्यांना शोधून दिला गंगाबेन मजमुदार यांनी, बडोदा संस्थानातल्या विजापूरला. तिथे घरोघरी चरखे होते, पण माळ्यावर टाकलेले. बायांचं म्हणणं एवढंच होतं की कोणी पेळू आणून देत असेल आणि सूत विकत घेत असेल तर आम्ही कातू. कसब त्यांच्या हातात होतंच, सूत घेणारं कोणी नव्हतं. १९२५ मध्ये अखिल भारतीय चरखा संघ निघाला आणि लाखो हात कामाला लागले. पण कातणारीला दिवसभराच्या कामाचा मोबदला इतका थोडा मिळे की त्यात एकीचं पोट भरणंही कठीण. १९३५ मध्ये गांधीजींनी आग्रह धरला की कातणारीला जगण्यापुरती मजुरी मिळालीच पाहिजे, खादी महाग झाली तरी चालेल. खादी विकली जाणार नाही अशी भीती अनेक कार्यकर्त्यांना वाटत होती. तरी वर्ध्याच्या बैठकीत संघाने मजुरी वाढवण्याचा ठराव केला.

आता आजचं बघू. मराठवाड्यात, विदर्भात, पश्चिम महाराष्ट्रात तुती लावून रेशीमकिडे पाळणारी गावं वाढली आहेत. रोजगार हमीतूनही तुतीला मदत मिळते. पूर्वी कोष घेऊन कर्नाटकात रामनगरला जावं लागे, आता जालन्यालाही बाजार आहे. किड्याचं आयुष्य साधारण महिनाभराचं. तो चार वेळा कात टाकतो आणि शेवटच्या आठवड्यात सगळ्यात जास्त पाला खातो. त्या दिवसांत रात्रीही उठून पाला घालावा लागतो. शेड स्वच्छ ठेवायची, चुना टाकायचा, विष्ठा काढून परसातल्या खतात घालायची, उरलेल्या फांद्या शेळीपुढे टाकायच्या. शेजारच्या शेतात फवारणी झाली की तो पाला चालत नाही, त्यावर लक्ष ठेवायचं. हे सगळं बहुतेक घरांत बाई करते.

आणि पैसे? अर्जावर नाव सातबाऱ्यावरच्या माणसाचं, खातंही त्याचंच. आमच्या गटातल्या दोघींच्या घरी असंच झालं. कोषाचे पैसे आले हे त्यांना शेजाऱ्यांकडून कळलं. तेव्हा आम्ही गटात एक साधी वही सुरू केली. कोणी किती वेळा पाला घातला, कोणी किती तास तोडणी केली, हे रोज लिहायचं. महिन्याच्या शेवटी ती वही घरात सगळ्यांसमोर वाचायची. एका घरात त्यानंतर सामाईक खातं निघालं. दुसऱ्या घरात अजून बोलणं चालू आहे.

मैत्रिणींनो, शेतकरी संघटनेने १९९० च्या आसपास 'लक्ष्मीमुक्ती' मोहीम चालवली होती. नवऱ्याने स्वखुशीने जमिनीचा काही भाग बायकोच्या नावावर करावा, असं तिचं सांगणं होतं. पुढे सरकारनेही सातबाऱ्यावर पत्नीचं नाव लावण्याची सोय केली. अर्ज तलाठ्याकडे करायचा असतो. तुती लावायच्या आधी हे काम करून घ्या, कारण कोष विकल्यावर नावाचा विषय काढला की भांडण होतं, आधी काढला तर चर्चा होते.

जमीन नसेल तर निराश होऊ नका. आसामात बाया घराच्या पडवीत एरी रेशमाचा किडा पाळतात. त्याला खायला एरंडाचा पाला लागतो आणि त्याचं नावही एरंडावरूनच पडलं आहे. त्याचा कोष एका टोकाला उघडा असतो, त्यामुळे पाखरू उडून गेल्यावरही सूत कातता येतं. त्यासाठी सातबारा लागत नाही, कुंपणाचा एरंड पुरतो. फक्त घेणारा कोण आणि भाव काय, हे विजापूरच्या बायांसारखं आधी विचारून घ्या.

पुढच्या कार्यक्रमात अंबाडीचा वाख काढायची रीत सांगू. घरात कोणा आजीला ती येत असेल तर तोवर तिच्याकडून शिकून ठेवा.